खुडूक कोंबडी आणि अंगणातला छोटा कळप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी घालणं थांबवून ती उबवायला घरट्यात ठाण मांडून बसली, की घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, अंडी बंद झाली, हिला घरट्यातून हुसका. दुसऱ्याचं म्हणणं, बसतेय तर बसू द्या, पिल्लं होतील. चार-सहा कोंबड्या पाळणारे बरेच जण नेमके या वेळी प्रश्न घेऊन येतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे उत्तरांसह लिहिले आहेत. माझा कल लपवत नाही: घरापुरती पिल्लं हवी असतील तर अंडी उबवण्याच्या मशीनपेक्षा मला खुडूक कोंबडी केव्हाही पसंत. ऊब, ओलावा, अंडी फिरवणं, पुढे पिल्लांना चरायला शिकवणं, सगळं ती करते. आपल्या वाट्याला उरतं राखण करणं आणि मध्ये हात न घालणं. यातलं दुसरं जास्त अवघड आहे.

कोंबडी खुडूक झाली हे कसं ओळखायचं?

आधी आवाज बदलतो. एरवीची कलकल जाते आणि गळ्यातून खोल, तुटक 'क्लुक्-क्लुक्' सुरू होतं. घरट्याजवळ हात नेला की ती अंग फुगवते, पिसं उभी करते, गुरगुरल्यासारखा आवाज काढते आणि चोचही मारते. घरट्यातून उचलून बाहेर ठेवलीत तर पिसं फुगवलेल्या अवस्थेत दोन दाणे टिपते आणि परत आत जाऊन बसते. छातीची पिसं उपटून ती कातडी उघडी करते, म्हणजे अंगाची ऊब थेट अंड्यांना लागते. तुरा हळूहळू फिकट पडतो. दिवसभर शीट धरून ठेवते आणि बाहेर आली की एकदाच मोठा, भयंकर वासाचा गोळा टाकते. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, पण ते अगदी नेहमीचं आहे.

खात्री रात्री होते. बाकीच्या दांडीवर चढल्या आणि ही सलग दोन-तीन रात्री घरट्यातच राहिली, तर ती खुडूक आहे असं समजा. अंडं घालायला एखादी कोंबडी तास-दोन तास बसते, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि आजारी कोंबडीही कोपऱ्यात बसून राहते, हे विसरू नका. ती मलूल असते, डोळे मिटून घेते, हात लावला तरी विरोध करत नाही. खुडूक कोंबडी तुमच्याकडे रोखून बघते.

हा सगळा बदल प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचा आहे. ते वाढलं की अंडी घालणं थांबतं आणि बसण्याची ओढ लागते. तिला ओरडून, पाणी मारून काही साधत नाही.

कोंबडा नसेल तरी पिल्लं निघतील का?

नाही. कोंबडी अंडी घालेल, त्यांच्यावर बसेलही, पण ती अंडी फलित नसतात. साधारण ८ ते १० कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. कोंबडा काढून टाकल्यावरही पुढे सुमारे दोन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. शंका असेल तर त्याच कोंबड्यांचं एखादं अंडं फोडून बघा. बलकावरचा पांढरा ठिपका भरीव आणि वेडावाकडा असेल तर अंडं फलित नाही. ठिपक्याभोवती नीट गोल कडं दिसलं तर फलित आहे.

कोणत्या जातीच्या कोंबड्या खुडूक बसतात?

सिल्की, कोचीन, ब्रह्मा, ऑर्पिंग्टन, ससेक्स, असील या बसणाऱ्या जाती. बहुतेक गावठी कोंबड्याही छान बसतात. लेगहॉर्न आणि अंड्यांसाठी तयार केलेल्या संकरित जातींमधून ही ओढ निवडीनेच काढून टाकलेली आहे. त्यांच्यातली एखादी बसते, पण तिच्या भरवशावर राहू नका. सिल्की तर वर्षात अनेकदा बसेल, मात्र तिच्या केसांसारख्या मऊ पिसांत पिल्लाचे पाय किंवा मान गुंतू शकते. म्हणून पिल्लं निघाल्यावर पहिले दोन दिवस तिच्या पोटाखाली अधूनमधून बघत जा.

जातीइतकाच एकेका कोंबडीचा स्वभावही मोजावा लागतो. जिने एकदा नीट पिल्लं वाढवली ती पुन्हा वाढवते. जी पहिल्या खेपेला दहाव्या दिवशी उठून गेली, तिला दुसरी संधी द्यावी. तलंग, म्हणजे नुकती अंड्यावर आलेली कोंबडी, पहिल्या वेळी अशी डळमळते.

सुरुवात किती कोंबड्यांनी करावी आणि जागा किती लागते?

चार ते सहा. एकटीदुकटी पाळू नका, कोंबडी कळपातच सुखी असते. खुराड्यात प्रत्येकीला साधारण ४ चौरस फूट आणि बाहेर फिरायला ८ ते १० चौरस फूट धरा. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर जागा. घरटं एक फूट लांब, रुंद, उंच. चार-पाच कोंबड्यांत एक पुरतं, पण खुडूक बसणाऱ्या असतील तर एक जादा ठेवा. खुराड्याला वरच्या अंगाला हवा खेळती हवी. शिटेतून अमोनिया सुटतो आणि कोंबड्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. खाली वाकल्यावर तुमच्या डोळ्यांना झोंबलं, तर त्यांना कधीचंच झोंबतंय.

मला पिल्लं नकोत. खुडूक कशी मोडायची?

लवकर मोडायची. जितके दिवस बसू द्याल तितकी ती घट्ट बसते. अंडी रोज उचला. तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवा, जमिनीपासून उंच, खालून वारा लागेल असा. आत गवत, भुसा काही नको. फक्त खाणं, पाणी आणि सावली. पोटाखाली ऊब साठली नाही की संप्रेरक उतरतं. बहुतेक कोंबड्या ३ ते ५ दिवसांत भानावर येतात. सोडल्यावर ती परत घरट्याकडे धावली, तर आणखी दोन दिवस ठेवा.

गार पाण्यात बुडवणं, उपाशी ठेवणं, पायाला बांधून ठेवणं असले उपाय मी करत नाही आणि कुणी करू नयेत असं कळकळीने सांगते. आधीच कमी खाऊन तिचं वजन घटलेलं असतं. पिल्लं द्यायची नाहीत आणि मोडायचीही नाही, असं मधलं धोरणही वाईटच. रिकाम्या घरट्यात ती आठवडेच्या आठवडे बसून खंगते.

रवणीला कोणती आणि किती अंडी घालावीत?

रवण म्हणजे कोंबडीखाली एका वेळी उबवायला घातलेली अंडी. इथे घाई केली की पुढचे तीन आठवडे फुकट जातात, म्हणून जरा सविस्तर.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या. त्यानंतर दर दिवसाला उबण्याची शक्यता कमी होत जाते. साठवताना टोकदार बाजू खाली, १३ ते १६ अंश सेल्सिअसच्या आसपास गारव्यात. फ्रिजमध्ये नको, ती थंडी गर्भाला फार होते. रोज एकदा थोडी कलती करा. धुऊ नका. अंड्यावर नैसर्गिक पातळ लेप असतो, तो गेला की छिद्रांतून जंतू आत शिरतात. खूप माखलेलं अंडं सरळ बाजूला काढा. फार मोठं, फार लहान, लांबुळकं किंवा बारीकशी चीर असलेलंही नको. दुसरीकडून आणलेली अंडी घालण्याआधी १२ ते २४ तास टोक खाली करून स्थिर ठेवा.

मध्यम अंगाच्या कोंबडीखाली १० ते १२, लहान चणीच्या बँटमखाली ५ ते ८. मोह होतोच, पण पंखाबाहेर एक जरी अंडं डोकावलं तरी संख्या कमी करा. ती दिवसातून अनेकदा अंडी फिरवते, आतली बाहेर आणि बाहेरची आत. त्यामुळे थंड पडणारं अंडं रोज वेगळं असतं. म्हणजे दोन अंडी जास्त ठेवून दोनच वाया जात नाहीत, अख्खी रवण बिघडू शकते.

सगळी अंडी एकाच दिवशी घाला आणि प्रत्येकावर पेन्सिलने खूण करा. बाकीच्या कोंबड्या तिच्या घरट्यात घुसून अंडी घालतातच. बिनखुणेचं अंडं रोज संध्याकाळी काढून घ्यायचं. खूण नसेल तर कुठलं अंडं किती दिवसांचं हे कळायला मार्गच उरत नाही. मग पहिली पिल्लं निघाली की ती त्यांना घेऊन उठते आणि मागची अर्धवट उबलेली अंडी मरतात.

आहे त्याच घरट्यात बसू द्यावी की हलवावी?

हलवावी, आणि रात्री. शांत, अंधारी, जमिनीलगतची जागा निवडा, म्हणजे पिल्लं उंचावरून पडणार नाहीत. आधी एक-दोन दिवस तिथे खोट्या अंड्यांवर बसवून पाहा. गोल्फचे चेंडूही चालतात. तिने जागा मान्य केली की रात्री खरी अंडी सारा. काही कोंबड्यांना जुनी जागाच हवी असते. मग तिला तिथेच राहू द्या आणि इतरांना अडवायला पुढे जाळी लावा.

बसलेल्या काळात तिची काय काळजी घ्यायची?

खाणं-पाणी घरट्यापासून दोन-चार पावलांवर ठेवा, अगदी चोचीपुढे नको. उठून पाय मोकळे करणं तिच्या भल्याचं आहे. दिवसातून एकदा ती १५ ते ३० मिनिटं बाहेर येते, खाते, पिते, शीट टाकते, मातीत लोळते. तेवढ्या वेळात अंडी गार होतात म्हणून जीव वर-खाली करू नका, ते निसर्गाच्या हिशेबातलंच आहे. एखादी उठतच नाही. तिला रोज हलकेच उचलून बाहेर ठेवावं लागतं. उचलण्याआधी पंखांखाली हात फिरवा, तिथे अंडं अडकलेलं असतं आणि उंचावरून पडून फुटतं.

माझा सगळ्यात मोठा आग्रह किडींबद्दल आहे. लाल माइट दिवसा लाकडाच्या फटींत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. इतर कोंबड्या निदान दिवसभर तरी सुटतात. ही चोवीस तास त्यांच्या तावडीत असते आणि अंडी सोडून जात नाही. पांढरी फटक पडून घरट्यातच मेलेल्या कोंबड्या मी पाहिल्या आहेत. म्हणून तिला बसवण्याआधीच घरटं रिकामं करून, फटी खरवडून, ऊन देऊन घ्या. मध्ये एकदा रात्री टॉर्च घेऊन फळ्यांच्या सांध्यांवरून पांढरा कागद फिरवा. लाल डाग उठले तर माइट आहेत. उवा मात्र कोंबडीच्या अंगावरच राहतात. शेपटीखाली, पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे गठ्ठे दिसतात. औषध पशुवैद्यकाला विचारून घ्या, कारण सगळीच औषधं अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला चालत नाहीत. कोरडी माती आणि राख घातलेली लोळायची जागा मात्र बारा महिने हवीच.

अंडी उजेडात तपासावीत का?

हो, पण दोनदाच. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्याच्या रुंद बाजूला टॉर्च धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ वाढतोय. स्वच्छ पिवळसर उजेड दिसला तर अंडं रिकामं. नुसतंच लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेला. चौदाव्या दिवशी अंडं बरंचसं काळं आणि वर हवेची पोकळी स्पष्ट दिसते. मेलेली अंडी काढून टाका. सडून फुटली तर ती घाण बाकीच्या अंड्यांवर बसते. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका.

पिल्लाने कवचाला टोचा पाडलाय, पण बाहेर येत नाहीये. मदत करू का?

नको. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बहुधा रात्री उशिरा येतो, त्यामुळे विचारणाऱ्याची घालमेल मला पुरती कळते.

कवचाच्या आत काय चाललेलं असतं ते सांगते. साधारण १९व्या-२०व्या दिवशी पिल्लू आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिल्यांदा फुप्फुसांनी श्वास घेतं. मग चोचीवरच्या छोट्या टणक टोकाने कवचाला टोचा मारतं. तिथून बाहेर पडायला १२ ते २४ तास सहज लागतात. बाहेरून वाटतं पिल्लू थकलंय, अडकलंय. खरं तर त्या वेळात आतल्या पापुद्र्यावरच्या शिरांतलं रक्त त्याच्या अंगात परत जात असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. ते संपल्याशिवाय निघणं त्याच्या जिवावर बेततं.

माझ्या पहिल्या रवणीत मी सहा तास वाट पाहिली आणि नखाने कवच सोलायला घेतलं. पापुद्र्यातून रक्त आलं. पिल्लू बाहेर आलं, पण बलकाची पिशवी अजून पोटाबाहेर होती. तासाभरात ते गेलं. त्याच्या शेजारची तीन अंडी मी घाबरून तशीच सोडली होती. ती तिन्ही पिल्लं सकाळी आईच्या पंखाखालून डोकं काढून बघत होती.

आधी निघालेल्या पिल्लांना भूक लागली असेल, हीही काळजी नको. पोटातल्या बलकावर ती ४८ ते ७२ तास राहू शकतात. म्हणूनच कोंबडी मागच्या अंड्यांसाठी आणखी एक-दोन दिवस बसून राहते.

एकविसावा दिवस उलटून गेला. आता?

तेविसाव्या दिवसापर्यंत थांबा. मध्ये कोंबडी बराच वेळ उठली असेल तर उशीर होतो. त्यानंतर उजेडात बघा; काही हालचाल नसेल तर अंडी न फोडता लांब नेऊन पुरा. वास येत असेल तर अंडं हातात फुटू शकतं, जपून.

विकत आणलेली एक दिवसाची पिल्लं तिच्याखाली घालता येतात का?

येतात, आणि रवण फसलेल्या कोंबडीसाठी याहून चांगलं काही नाही. तिने निदान दोन-तीन आठवडे बसलेलं असावं. पिल्लं दोन दिवसांच्या आतली असावीत, कारण मोठी पिल्लं तिला आई मानत नाहीत. काळोख पडल्यावर एक अंडं काढायचं आणि त्या जागी एक पिल्लू सारायचं, अशी अदलाबदल करत जा. पहाटे उजाडण्याआधी तिथे हजर राहा. तिचं 'क्लुक्-क्लुक्' मऊ झालं आणि पिल्लं आत शिरली की जमलं. ती डोक्यावर जोराने चोच मारत असेल तर पिल्लं ताबडतोब काढा आणि दिव्याच्या उबेत ठेवा: पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी.

पिल्लांना आणि आईला काय खायला द्यायचं?

पिल्लांचं खाद्य, म्हणजे १८ ते २० टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर, दोघांनाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना देऊ नका. त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं आणि त्याने पिल्लांचे मूत्रपिंड खराब होतात. पिल्लं मोठ्यांबरोबर फिरत असतील तर सगळ्याच कळपाला ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना गरज आहे त्या कोंबड्या तो आपणहून खातात. बुरशी धरलेलं धान्य कुणालाच नको, त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृत बाद करतं.

पाण्याचं भांडं उथळ घ्या आणि त्यात गोटे टाका. बोटभर पाण्यातही पिल्लू बुडतं.

बाकी शिकवणी आई घेते. दाणा चोचीत उचलायचा, परत खाली टाकायचा आणि भरभर हाका मारायच्या, हे ती दिवसभर करत असते. तेव्हा दहा मिनिटं शेजारी बसून बघाच.

आई आणि पिल्लांना बाकीच्या कळपात कधी सोडायचं?

पहिला आठवडा जाळीपलीकडे, म्हणजे सगळ्यांना एकमेकांची सवय होते. मग रोज थोडा वेळ तुमच्या नजरेसमोर. आईचा मान कळपात वरचा असेल तर कुणी जवळ फिरकत नाही. ती दबलेली असेल तर पिल्लांनाच शिरता येईल अशा फटीची जागा करून खाणं तिथे ठेवा. घार आणि कावळ्यांसाठी वरून जाळी हवी. मुंगूस, मांजर, उंदीर यांच्यासाठी खालून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी हवी. कोंबड्यांची षट्कोनी जाळी कोंबड्या आत ठेवते, पण शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही.

कोणत्या आजारांकडे लक्ष ठेवायचं?

पिल्लांमध्ये रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या वयात होतो. पिल्लू पंख ढिले सोडून कुबड काढून उभं राहतं, शिटेत रक्त दिसतं. हा आजार ओल्या गादीत पसरतो, त्यामुळे भुसा किंवा तूस कोरडं ठेवणं हाच अर्धा इलाज. औषधाला उशीर करू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाला विचारा.

मानमोडी, म्हणजे न्यूकॅसल रोग, आला की उपचार नाही: हिरवट हगवण, धाप, पिळवटलेली मान, धडाधड मरतूक. यावर लसच. पहिला डोस साधारणपणे पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, पुढचं वेळापत्रक पशुवैद्यक ठरवतील. आईखाली वाढलेली पिल्लं लसीवाचून चालतात, हा गैरसमज फार महाग पडतो. एकाएकी अनेक पक्षी मेले तर मेलेल्यांना हात न लावता पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा, बर्ड फ्लूची शक्यता असते. कोंबड्या हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मुलांचे तर आवर्जून.

दोघी एकाच घरट्यात बसल्या आहेत. चालेल?

एकाच दिवशी एकसारखी अंडी घातली असतील तर कधीकधी छान चालतं, दोघी मिळून पिल्लं वाढवतात. बहुतेक वेळा मात्र अंडी ओढाताणीत फुटतात. वेगळं करणं बरं.

निघालेल्यांत नर किती असतील?

साधारण निम्मे. अंडी घालण्याआधीच यांचं काय करणार हे घरात ठरवून ठेवा. लहान जागेत चार कोंबडे वाढले की कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात आणि रक्तबंबाळ मारामाऱ्या होतात.

आई पिल्लांना चोची मारायला लागली आहे. बिघडलं का काही?

पिल्लं पाच-आठ आठवड्यांची झाली असतील तर नाही. तुरा पुन्हा लाल होतो, 'क्लुक्-क्लुक्' बंद पडतं आणि एका संध्याकाळी ती पिल्लांना सोडून दांडीवर चढते. एवढ्यात अंग भरलं असेल तर लगेच अंडीही सुरू होतात. पिल्लं दोन-चार रात्री खालीच, तिच्या जुन्या जागेवर एकमेकांना बिलगून झोपतात. त्यांच्यासाठी एक ठेंगणी दांडी बांधून ठेवा.